जाहिरातीचा प्रत्येक मेल स्पॅम नसतो

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : फिल्टर बसवला, पण त्याने काय अडवायचं आणि काय सोडायचं हेच ठरत नाही. लॉटरी लागल्याचा किंवा परदेशातल्या बेवारस इस्टेटीचा मेल ओळखायला कुणालाच अडचण नाही. घोडं पेंड खातं ते दुकानं, बँका, विमा, क्लास आणि ट्रॅव्हलवाल्यांच्या मेलपाशी. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या ऑफिसात चाळीस जणांचे मेल मी सांभाळतो. कपड्यांच्या सेलचा मेल एक जण स्पॅममध्ये टाकतो, शेजारी बसलेला तोच मेल उघडून कूपन वापरतो. सगळ्यांना लागू पडेल असा नियम कोणता? (नाशिक)

मेलमध्ये काय लिहिलंय ते आधी बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. हा मेल घेणाऱ्याने मागितला होता का? आणि तो घाऊक पाठवलेला आहे का? न मागता आलेला आणि घाऊक, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तो स्पॅम. जगभरचे मेलसर्व्हर ज्यांच्या ब्लॉकलिस्ट (अडवायच्या मेलवाल्यांच्या याद्या) वापरतात त्या स्पॅमहाउस संस्थेची व्याख्या हीच आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या छत्राखाली २००५ मध्ये स्पॅम फिल्टरांची तुलना झाली, तेव्हाही कसोटी अशीच होती : न मागितलेला, नकोसा, सरसकट पाठवलेला, आणि पाठवणाऱ्याचा घेणाऱ्याशी सध्या काही संबंध नसलेला मेल. ‘जाहिरात’ हा शब्द दोन्हीकडे नाही.

समजा, ‘ठिबक संचावर २० टक्के सूट, रविवारपर्यंत’ असा एकच मजकूर दोन बागायतदारांना आला. पहिल्याने कृषी प्रदर्शनात त्या कंपनीच्या स्टॉलवरच्या वहीत स्वतः पत्ता लिहून ‘दरपत्रक आणि ऑफर पाठवा’ म्हटलं होतं. दुसऱ्याचा पत्ता द्राक्ष बागायतदारांच्या कुठल्याशा यादीतून उचलला. मजकूर अक्षरन् अक्षर सारखा, तरी पहिल्याकडचा मेल स्पॅम नाही आणि दुसऱ्याकडचा आहे. फिल्टरला हा फरक मजकुरातून कधीच कळणार नाही. तो तुम्हीच सांगायला हवा.

‘घाऊक’ ही अटही विसरू नका. एखादा विक्रेता तुमच्या खरेदी विभागाला, तुमचंच मशीन कोणतं आहे ते बघून, एकच पत्र लिहितो. ते न मागितलेलं आहे, कदाचित कटकटीचंही आहे, पण व्यापाराची चौकशी अशीच होत असते. त्याला स्पॅम ठरवलंत तर उद्या तुमच्या स्वतःच्या मार्केटिंगवाल्याचे मेलही याच न्यायाने अडतील.

आता तुमचे दोन सहकारी. दोघांनीही त्या दुकानाला पत्ता दिला असेल तर मेल कुणाकडेच स्पॅम नाही. पहिल्याला तो ‘नको’ आहे, एवढंच. स्पॅम हा एक प्रकार आणि नकोसा हा दुसरा. ऑफिसच्या सामायिक फिल्टरने फक्त पहिला अडवावा. दुसऱ्यासाठी ज्याने त्याने यादीतून नाव काढावं किंवा आपल्यापुरता नियम करून तो मेल वेगळ्या फोल्डरला वळवावा. हे तीन ओळींत लिहून सगळ्यांना पाठवा आणि प्रत्येकाला इनबॉक्सशेजारी दोन फोल्डर करून द्या : ‘स्पॅम’ आणि ‘जाहिराती’. जीमेलनेही २०१३ मध्ये प्रमोशन्सचा वेगळा टॅब काढला. दुसरा फोल्डर नसला की माणसं स्पॅमचं बटण डिलीटसारखं वापरतात आणि फिल्टर वाया जातो. तो कसा, ते पुढे इचलकरंजीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आकड्यांसकट आहे.

प्रश्न : एका ऑनलाइन दुकानातून एकदाच मिक्सर घेतला. ‘ऑफर पाठवा’ असं कुठेही म्हटलं नव्हतं. आता रोज मेल येतो. हा स्पॅम का नाही? (लातूर)

इथे देशोदेशीचे कायदेही एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी परवानगी घ्यायची सक्तीच नाही. पाठवणाऱ्याने खोटी विषय-ओळ देऊ नये, टपालाचा खरा पत्ता लिहावा आणि ‘थांबवा’ म्हटल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत थांबवावं, ही मुख्य बंधनं. युरोपात २००२ पासूनच्या नियमानुसार आधी संमती लागते, पण गिऱ्हाइकांच्या बाबतीत दुकानाला सूट आहे : खरेदीच्या वेळी पत्ता घेतला असेल तर त्याच दुकानाने आपल्याच, तशाच प्रकारच्या मालाची जाहिरात पाठवायला हरकत नाही. मात्र नको म्हणायची सोय पत्ता घेताना आणि पुढच्या प्रत्येक मेलमध्ये हवी. आधीच टिक करून ठेवलेली चौकट तिथे संमती धरत नाहीत. कॅनडात खरेदीनंतर २ वर्षं आणि नुसत्या चौकशीनंतर ६ महिने संमती गृहीत धरतात. भारतात मेलवरच्या जाहिरातींसाठी वेगळा कायदा नाही.

फिल्टरच्या कामासाठी आमच्या मते युरोपची वाट सगळ्यात सरळ आहे. मिक्सर जिथून घेतला त्याच दुकानाने मिक्सर, कुकर, तवा विकायला मेल केला तर तो स्पॅम धरू नका, अनसबस्क्राइब करा. त्याच दुकानाच्या ‘भागीदार’ कंपनीचा कर्जाचा किंवा विम्याचा मेल आला तर तो स्पॅम, कारण तुम्ही पत्ता मिक्सरसाठी दिला होता. आणि अनसबस्क्राइब केल्यावर १० दिवस उलटूनही मेल चालूच राहिले तर त्या दिवसापासून ते दुकानही स्पॅममध्ये. तारीख कुठेतरी टिपून ठेवा, म्हणजे मनाचे खेळ होत नाहीत.

प्रश्न : अनसबस्क्राइब दाबलं की ‘हा पत्ता चालू आहे’ हे त्यांना कळतं आणि मेल वाढतात, असं ऐकलं. खरं आहे का? (पुणे)

अर्धं खरं. ज्या दुकानाशी तुमचा व्यवहार झाला आहे त्याला पत्ता चालू असल्याचं आधीच ठाऊक आहे. तिथे बेलाशक दाबा. ज्याचं नावही ऐकलेलं नाही त्याच्या मेलमधली कोणतीच लिंक दाबू नका, ‘माझं नाव काढा’ असं उत्तरही पाठवू नका. तो थेट स्पॅममध्ये टाका.

दाबायचंच तर मेलच्या तळाशी बारीक अक्षरात असलेल्या लिंकपेक्षा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी मेलसेवेनेच दाखवलेलं बटण दाबा. ते ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ या हेडरमधून, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळीतून, येतं. हा हेडर १९९८ पासून आहे; पण एका दाबात काम व्हावं म्हणून २०१७ मध्ये त्याला ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ असा जोडीदार मिळाला. कारण मजेशीर आहे. कंपन्यांचे व्हायरस-तपासणी सर्व्हर मेलमधली प्रत्येक लिंक स्वतःच उघडून बघतात. नुसती लिंक उघडल्याने नाव निघत असतं तर माणसाने बोटही न लावता त्याचं नाव यादीतून गायब झालं असतं. म्हणून नव्या पद्धतीत लिंक उघडून काहीच होत नाही. बटण दाबल्यावर तुमची मेलसेवा वेगळ्या प्रकारची विनंती पाठवते आणि मगच नाव निघतं. तुम्हाला कुठलंही पान उघडावं लागत नाही. ‘का सोडून जाताय?’ असली प्रश्नावली नाही आणि लॉगिनही नाही.

नाव काढायला लॉगिन मागणारी, पासवर्ड विचारणारी किंवा पुन्हा पत्ता टाइप करून घेणारी यादी दिसली की तिला स्पॅममध्ये ढकलायला आमची हरकत नाही. आत घेताना दार उघडं आणि बाहेर जाताना कुलूप, हे चालणार नाही.

प्रश्न : बँकेच्या स्टेटमेंटच्या मेलखाली पर्सनल लोनची भलीमोठी जाहिरात असते. हा व्यवहाराचा मेल की जाहिरातीचा? (सोलापूर)

व्यवहाराचा. मेल मुख्यतः कशासाठी पाठवला ते बघायचं. अमेरिकी नियमात याची सोपी परीक्षा आहे : विषय-ओळ वाचून माणसाला जाहिरात वाटेल का, आणि व्यवहाराची माहिती मेलच्या सुरुवातीला आहे की जाहिरातीच्या ढिगाखाली गाडली आहे? ‘तुमचं स्टेटमेंट तयार आहे’ असा विषय, वर खात्याचा तपशील आणि खाली कर्जाचा फलक असेल तर तो व्यवहाराचा मेल. ‘अभिनंदन! ५ लाख मंजूर’ असा विषय आणि तळाशी खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतील तर ती जाहिरातच.

बँकेची जाहिरात कितीही डोक्यात गेली तरी स्पॅमचं बटण दाबू नका. फिल्टर पाठवणाऱ्याचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) लक्षात ठेवतो आणि उद्या ओटीपीचा मेलही स्पॅममध्ये जाऊन बसतो. त्याऐवजी हेडर बघा. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे का, हे पडताळणाऱ्या तीन तपासण्या) यांच्यापुढे ‘पास’ आहे का ते दिसतं, आणि डीकेआयएमच्या ओळीत सही कोणत्या डोमेनची आहे तेही. अनेक मोठ्या संस्था सूचनांसाठी एक उपडोमेन वापरतात आणि जाहिरातींसाठी दुसरं. तशी सोय दिसली तर जाहिरातीच्या उपडोमेनचा फिल्टर करून तो ‘जाहिराती’ फोल्डरला वळवा आणि सूचनांच्या उपडोमेनला ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ असा नियम लावा.

एसपीएफ, डीकेआयएम ‘पास’ झालं म्हणजे मेल सज्जन, असा अर्थ मात्र काढू नका. मेल त्याच डोमेनवरून आला, एवढंच त्यातून कळतं. स्पॅम पाठवणाराही स्वतःच्या डोमेनला नीट सही लावू शकतो.

प्रश्न : ऑफिसच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हा फिल्टर आहे. तीन महिने सगळ्यांकडून स्पॅम निवडून घेऊन त्याला शिकवलं. सुरुवातीला झकास चाललं, आता पुरवठादारांची बिलं आणि रेल्वेची तिकिटं स्पॅममध्ये सापडतात. बिघडलं काय? (इचलकरंजी)

शिकवणी बिघडली. स्पॅमअसॅसिनचा बेझ हा भाग शब्द मोजतो : एखादा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्या मेलमध्ये किती वेळा, आणि त्यावरून पुढच्या मेलची शक्यता. तुमच्याकडे काय झालं असेल ते छोट्या आकड्यांत मांडून बघू.

धरा की शिकवणीत ४०० स्पॅम आणि ३०० चांगले मेल आहेत. ‘सवलत’ हा शब्द ८० स्पॅममध्ये आणि ६० चांगल्या मेलमध्ये आहे. दोन्हीकडे प्रमाण २० टक्के, म्हणून या शब्दाचं वजन ०.५०. म्हणजे हा शब्द काहीच सांगत नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण सवलत देणारे दुकानदारही असतात आणि भामटेही. आता कंटाळलेल्या लोकांनी, स्वतःच नाव नोंदवलेल्या दुकानांचे ५० मेल चांगल्या ढिगातून उचलून स्पॅममध्ये टाकले, आणि त्या सगळ्यांत ‘सवलत’ होतं. चांगले उरले २५०, त्यांत ‘सवलत’ १० मेलमध्ये, म्हणजे ४ टक्के. स्पॅम झाले ४५०, त्यांत १३०, म्हणजे जवळपास २९ टक्के. नवं वजन : २९ भागिले ३३ (२९ अधिक ४), म्हणजे सुमारे ०.८८. फक्त ५० मेल इकडचे तिकडे झाले आणि निरपराध शब्द आरोपी झाला.

आणि एकटा ‘सवलत’च जात नाही. त्या ५० मेलमधलं दुकानाचं नाव, ‘ऑर्डर क्रमांक’, ‘जीएसटी’, ‘एकूण रक्कम’, ‘ग्राहक सेवा’, तळाची पत्त्याची ओळ, सगळेच शब्द त्याच दिशेला झुकतात. पुरवठादाराच्या बिलात नेमके हेच शब्द असतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

फिल्टर निकाल गुणांवर देतो. मूळ मांडणीत ५ गुणांवर मेल स्पॅम ठरतो. बेझने ९९ टक्के खात्री दिली की एकट्या त्या नियमाचे ३.५ गुण पडतात. वर मोठी चित्रं, थोडा मजकूर अशा किरकोळ गोष्टींचा दीड गुण मिळाला की झालं. उलट बेझला मेल पूर्ण चांगला वाटला तर १.९ गुण वजा होतात. चुकीचं शिकवल्यामुळे बिलांचे हे वजा गुण जातात आणि वर अधिकचे चढतात, असा दुहेरी फटका बसतो.

दुरुस्ती अशी करा. आधी ‘एसए-लर्न’ या आज्ञेने बेझच्या साठ्याचा बॅकअप घ्या. चुकून स्पॅम म्हणून शिकवलेले मेल हाती असतील तर तेच पुन्हा ‘हॅम’, म्हणजे चांगले, म्हणून शिकवा. जुनी नोंद तो आपणहून पुसतो. ते मेल सापडतच नसतील तर साठा रिकामा करून नव्याने सुरुवात करा. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय बेझ तोंडच उघडत नाही, तेव्हा तेवढे आधी निवडून ठेवा. निवड एकाच माणसाने, पहिल्या उत्तरातल्या नियमाने करावी. चांगल्या ढिगात फक्त कामाची पत्रं भरू नका. बिलं, तिकिटं, बँकेच्या सूचना आणि मागवलेल्या जाहिराती मुद्दाम घाला. फिल्टर चुकतो तो तिथेच. स्पॅमअसॅसिनच्या सार्वजनिक नमुना-संचातही चांगल्या मेलचे ‘सोपे’ आणि ‘अवघड’ असे वेगळे गट आहेत. अवघड गटात असतात ते हेच, दिसायला स्पॅमसारखे पण मागवलेले.

शिकवायचे मेल लोकांना फॉरवर्ड करायला सांगू नका. फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातात, तुमच्या सहकाऱ्याचं नाव आणि सही त्यात येते, आणि फिल्टर शिकतो की सहकारी स्पॅम पाठवतो. सर्व्हरवरच्या (आयमॅप) फोल्डरमध्ये मेल जसाच्या तसा हलवायला सांगा. आपोआप शिकण्याची सोय चालू असेल तर तिच्या मर्यादा तपासा. मूळ मांडणीत ०.१ पेक्षा कमी गुणांचा मेल चांगला आणि १२ किंवा जास्त गुणांचा स्पॅम म्हणून शिकला जातो. कुणी १२ चे ६ केले असतील तर फिल्टर स्वतःच्याच चुका पाठ करत बसला असेल.

रेल्वेची तिकिटं वाचवायला पाठवणाऱ्याचा ‘फ्रॉम’ पत्ता जसाच्या तसा मान्य यादीत टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. ‘फ्रॉम’मध्ये कुणीही काहीही लिहू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच सूट देणारा ‘वेलकमलिस्ट-ऑथ’ नियम वापरा, ४.० च्या आधीच्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘व्हाइटलिस्ट-ऑथ’ आहे. आणि ५ गुणांवर मेल नष्ट करू नका. ५ ला नुसता शिक्का मारून स्पॅम फोल्डरला पाठवा, १५ च्या वर गेला तर दारातच नाकारा. दारात नाकारलेल्या मेलची सूचना खऱ्या पाठवणाऱ्याला मिळते, गुपचूप नष्ट केलेल्याची कुणालाच मिळत नाही.

प्रश्न : मोबाइलवर १९०९ ला डीएनडी नोंदवलं आहे. मेल तरीही येतात. (अकोला)

येणारच. ती नोंदणी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखालची, फोन आणि एसएमएससाठी आहे. मेल तिच्यात येत नाही. त्रासदायक मेलना लागू पडणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती विशिष्ट कारणापुरती असावी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, असं तत्त्व आहे. फसवणुकीचा मेल असेल आणि पैसे गेले असतील तर गोष्ट वेगळी : १९३० ला लगेच फोन करा.

प्रश्न : ट्रेडमार्कचा अर्ज केला आणि वेबसाइटचं डोमेन घेतलं. आठ दिवसांत लोगोवाले, वकील, वेबसाइट बनवणारे यांचे मेल सुरू. म्हणतात, ‘तुमचा पत्ता सार्वजनिक आहे.’ (ठाणे)

पत्ता सार्वजनिक असणं म्हणजे परवानगी नव्हे. हे मेल आमच्या लेखी स्पॅम आहेत. वर तुमचं नाव आणि कंपनीचं नाव असलं तरी ते सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी भरलेलं असतं. पत्र एकाला लिहिलेलं नसतं.

ओळखायच्या खुणा सांगतो. पहिल्या मेलनंतर तीन-चार दिवसांच्या ठरावीक अंतराने ‘माझा आधीचा मेल पाहिलात का?’ असे दोन-तीन मेल येतात. विषयाच्या आधी ‘आरई’ असतं, पण तुम्ही कधी लिहिलेलंच नसतं. मेलचं डोमेन आणि सहीतल्या वेबसाइटचं डोमेन थोडं वेगळं असतं, मागेपुढे एखादा शब्द किंवा आडवी रेघ जोडलेली. हे वेगळं डोमेन मुद्दाम घेतात, म्हणजे तक्रारींनी ते बदनाम झालं तरी मुख्य डोमेन शाबूत राहतं. म्हणूनच एकेक पत्ता अडवत बसू नका. पुढच्या महिन्यात नवं डोमेन येतं. स्पॅम म्हणून कळवा. इथे ते बटण अगदी योग्य जागी आहे.

पुढच्या वेळी अर्जासाठी वेगळा पत्ता वापरा. जीमेलमध्ये नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला (समजा ‘ट्रेडमार्क’) तरी मेल तुमच्याच पेटीत येतो, आणि कुठून गळती झाली ते ‘टू’च्या ओळीत दिसतं. काही अर्जांना हे चिन्ह चालत नाही. तिथे सरळ दुसरं खातं काढा.

प्रश्न : टोरांटोत आलो तेव्हा इथल्या मंडळाचा सभासद झालो. आता घरं विकणाऱ्या एका एजंटचे मेल येतात. तो मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचा प्रायोजक होता. मंडळाला दुखवायचं नाही.

मंडळाचे मेल चांगले, एजंटचे स्पॅम. कॅनडाच्या कायद्यात संमती ज्याने घेतली त्याच्यापुरती असते. सभासदत्वामुळे गृहीत धरलेली संमती मंडळाची, ती सभासदत्व संपल्यावर २ वर्षं टिकते, प्रायोजकाला मिळत नाही. मंडळाने स्वतःच्या बातमीपत्रात प्रायोजकाची जाहिरात छापली तर मात्र तो मंडळाचाच मेल. फिल्टरमध्ये एजंटचं डोमेन अडवा, मंडळाचं नाही, आणि कार्यकारिणीला सभासदांची यादी कुणाच्या हातात आहे एवढं विचारा. बहुतेक वेळा ती कार्यक्रमाच्या नोंदणीच्या तक्त्यातून जाते.

प्रश्न : मालवणला माझा होमस्टे आहे. सात वर्षांतल्या पाहुण्यांचे १,२०० पत्ते आहेत, दिवाळीची ऑफर पाठवायची आहे. एक जण ५०,००० पत्त्यांची यादी स्वस्तात देतो म्हणतो. माझे मेल स्पॅम ठरतील का?

विकतची यादी घेऊ नका. त्यातल्या एकानेही तुम्हाला पत्ता दिलेला नाही, म्हणजे व्याख्येनेच सगळे ५०,००० मेल स्पॅम. शिवाय अशा याद्यांत सापळे असतात. काही पत्ते कुठल्याच माणसाचे नसतात, फक्त वेबपानांत लपवलेले असतात. त्यांवर मेल आला म्हणजे पत्ते यंत्राने गोळा केले हे सिद्ध. काही पत्ते जुने, बंद पडलेले आणि नंतर सापळा म्हणून पुन्हा चालू केलेले असतात. एक सापळा लागला तरी तुमचं डोमेन ब्लॉकलिस्टवर जाऊ शकतं. मग खऱ्या पाहुण्याला पाठवलेली बुकिंगची पावतीही पोचत नाही.

तुमच्या १,२०० मधूनही गेल्या दोन वर्षांतले पाहुणे निवडा. सात वर्षांपूर्वी एक रात्र राहिलेल्या माणसाला तुमचं नाव आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या नावावर लोक स्पॅम दाबतात. हिशेब बघा : जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेलवाल्यांना तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के घातली आहे. जीमेल तर ०.१ च्या खाली राहायला सांगतं. १,२०० मेलमध्ये चार जणांनी बटण दाबलं की ०.३३ टक्के झाले. जीमेलची घाऊकची व्याख्या दिवसाला ५,००० मेलची आहे, तुम्ही तिच्यात बसत नाही. पण फिल्टर लहानांच्या तक्रारीही मोजतोच.

साध्या जीमेल खात्यातून सगळ्यांना बीसीसी करू नका. दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, शिवाय बीसीसीला अनसबस्क्राइबचं बटण येत नाही. स्वतःच्या डोमेनवरून, एखाद्या बातमीपत्र-सेवेमार्फत पाठवा आणि त्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क लावून घ्या. डीमार्क सुरुवातीला ‘नन’ (तपासणीत नापास मेलही अडवू नका) या धोरणावर ठेवलं तरी चालतं. पहिल्या ओळीतच लिहा : ‘आपण अमुक महिन्यात आमच्याकडे राहिला होता, म्हणून हा मेल.’ विषयात होमस्टेचं नाव आणि गाव असू द्या. पुढच्या पाहुण्यांसाठी रजिस्टरमध्ये वेगळा रकाना काढा, ‘ऑफर मेलने पाठवू का?’, आणि तो पाहुण्यालाच भरू द्या.

प्रश्न : राजकीय पक्ष आणि देणग्या मागणाऱ्या संस्था काही विकत नाहीत. त्यांचे मेल स्पॅम कसे? (सातारा)

कॅन-स्पॅमसारखे कायदे फक्त व्यावसायिक मेलना लागतात, म्हणून तिथे ते सुटतात. फिल्टरला कायद्याचं बंधन नाही. न मागितलेलं आणि घाऊक, तर स्पॅम. मग माल साबण असो की विचार.

प्रश्न : सगळे नियम लावूनही काही मेल ठरतच नाहीत. कधी नाव नोंदवलं होतं की नाही, आठवत नाही. (पणजी)

आधी मेलपेटीत त्या डोमेनचं नाव शोधा. जुनं ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ किंवा पुष्टीचा मेल सापडला तर प्रश्न मिटला. काही नाही सापडलं तर मेलच्या तळाशी ‘हा मेल तुम्हाला का आला’ अशी ओळ असते. तिच्यात ठिकाण आणि महिना दिला असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे, ‘आमच्या किंवा आमच्या भागीदारांच्या सेवेसाठी’ एवढंच असेल तर नाही.

तरीही ठरलं नाही तर तो मेल फिल्टरला शिकवू नका, ना स्पॅम म्हणून ना चांगला म्हणून. ‘शंका’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आपोआप शिकणाऱ्या यंत्रणेला त्या फोल्डरकडे बघू देऊ नका. महिन्यातून एकदा तो फोल्डर पाठवणाऱ्याच्या नावाने लावून बघा. एकाच नावाचे पाच-सहा मेल ओळीने दिसले की ते दुकान आहे की यादी विकणारा, हे बहुधा कळतं. जीमेल वापरत असाल तर स्पॅम फोल्डर मात्र पंधरवड्यातून एकदा चाळा : तिथला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो.